साडेतीन खाचा

तपासणीचा माणूस गाडी वळवून फाटकाबाहेर पडला, तेव्हा कुठे मर्लच्या लक्षात आलं की आपण त्याला जेवायला विचारलंच नाही. बेंडाराच्या या आडरानातल्या गुरांच्या वस्तीवरून कुणी उपाशी परत गेलं, असं ती या घरात आल्यापासून एकदाही झालं नव्हतं. पूर ओसरला तरी रस्ता ठिकठिकाणी खचलेला. बिचारा मॅरोला गावाहून पाच तास चिखल तुडवत आला होता. आला, स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसला, बोलायचं ते खाली मान घालून बोलला, पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवलं आणि उठला. त्यालाही सुटका हवी होती. मेलेल्या मुलीच्या आईसमोर बसून थंड मांसाचा घास कुणाला गिळवतो?

त्याचं बोलणं मात्र सरळ होतं. विमानात काही बिघाड नव्हता. इंजिन, चाकं, तारा, सगळं ठीक. दोन्ही पंखांतल्या टाक्या तेवढ्या कोरड्या ठणठणीत होत्या. उतरताना शेवटच्या वळणावर इंजिन बंद पडलं आणि विमान धावपट्टीच्या दीडशे पावलं अलीकडे, मर्लच्या नवऱ्याने, क्लेमने, पुराचं पाणी अडवायला घातलेल्या मातीच्या बांधावर आपटलं. उजवी बाजू आधी आपटली, आणि उजवीकडे टॅम्सिन बसली होती. टाकीत पेट्रोल असतं तर विमान पेटलं असतं आणि ते चालवणारा लिंडसेही वाचला नसता, असं तो शेवटी म्हणाला. धीर द्यायला म्हणाला असावा. पण टाकीत पेट्रोल असतं तर विमान पडलंच नसतं, हे टेबलाभोवतीच्या चौघांनाही कळत होतं.

चौघं म्हणजे मर्ल, तिचा थोरला ब्रेंटन, त्याची बायको नेरीडा आणि धाकटा लिंडसे. अपघाताला नऊ दिवस झाले होते, टॅम्सिनला पुरून सहा. बावीस वर्षांची होती. ब्रेंटन-नेरीडाचं एकुलतं एक लेकरू, आणि मर्लची एकुलती एक नात, कारण लिंडसेने लग्नाच्या भानगडीत पडायचं आजवर टाळलं होतं. तो आता टेबलाच्या टोकाला बसला होता, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला, कपाळावर सात टाके. नऊ दिवसांत त्याने दाढी केली नव्हती आणि करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

ब्रेंटन खोक्यातून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत होता. टॅम्सिनचा काळा चष्मा, एका काचेचा. मॅरोलाहून आजीसाठी घेतलेल्या निळ्या लोकरीच्या तीन लडी. आणि सगळ्यांत शेवटी क्लेमची काठी.

ही काठी क्लेमने स्वतः केलेली, गिजीच्या लाकडाची, लोखंडासारखी टणक. विमानाच्या टाकीचा काटा खरं सांगतो यावर बेंडारात कधी कुणाचा विश्वास नव्हता. पंखावर चढायचं, झाकण उघडायचं, काठी तळाला टेकवायची आणि कुठवर ओली झाली ते बघायचं. एक खाच म्हणजे एका तासाचं उड्डाण. काठी टांगायची ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, हेही क्लेमनेच ठरवलेलं. उडणाऱ्याने ती तिथून न्यायची, टाक्या बघून परत दाराशी यायचं आणि घरातल्या बाईला खाचा सांगायच्या. तिने त्या पाटीवर लिहायच्या. मगच उडायचं, काठी बरोबर घेऊन. तेवढे तास भरेपर्यंत घराने काळजी करायची नाही, त्यानंतर करायची. क्लेम जाऊन अकरा वर्षं झाली, त्याच्या कितीतरी गोष्टी मुलांनी मोडीत काढल्या, पण खाचा सांगून जायचा रिवाज कुणी मोडला नाही.

एरवी तो नुसता रिवाजच होता, कारण टाक्या काठोकाठ भरलेल्या असायच्या. या वेळी पुराने रस्ता तुटला, पेट्रोलची गाडी तीन आठवडे फिरकली नाही, पिंपं तळाला गेली, मॅरोलातही विमानाचं पेट्रोल मिळेना. त्यामुळे टाकीत आहे तेवढ्यातच जाऊन यायचं होतं. दाराशेजारच्या पाटीवर अजून मर्लच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘लिंडसे, साडेतीन’. ती पाटी पुसायला कुणाचा हात धजला नव्हता.

“मॅरोलाला जायला सव्वा तास,” ब्रेंटन म्हणाला. तो आवाज चढवत नव्हता, आणि तेच मर्लला जास्त भीतीचं वाटत होतं. “यायला सव्वा. झाले अडीच. तू म्हणतोस साडेतीन होते. मग एक तासाचं पेट्रोल गेलं कुठं?”

“मला माहीत नाही.”

“येताना कुठं भटकलास?”

“पाच मिनिटं. टॅम्सिनला पुराचं पाणी वरून बघायचं होतं. एक फेरी मारली.”

“पाच मिनिटांचं मी विचारत नाही, लिंडसे. मी तासाचं विचारतोय.”

 गेले नऊ दिवस हेच चाललं होतं. काठी बुडवली होतीस का, तर हो. दोन्ही टाक्यांत? दोन्ही. किती? साडेतीन. याच्यापुढे तो जात नव्हता आणि ब्रेंटन त्याला सोडत नव्हता. लिंडसे पंखावर चढलाच नाही, शेडच्या सावलीत विडी ओढली आणि तोंडाला येईल तो आकडा आईला येऊन सांगितला, अशी ब्रेंटनची पक्की समजूत होती. ती त्याने हवेतून काढलेली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी लिंडसेने नेमकं हेच केलं होतं, आणि क्लेमने वर्षभर त्याला विमानाला हात लावू दिला नव्हता. आता तो शेहेचाळीस वर्षांचा झाला होता, पण घरच्या माणसांच्या हिशेबी माणसाचं वय कधी वाढत नाही.

नेरीडा आजवर दिराच्या बाजूची. टॅम्सिनला विमान शिकवायला लिंडसेच हवा, ब्रेंटन नको, ब्रेंटन ओरडतो, असा हट्ट तिनेच धरला होता. आज ती पहिल्यांदा बोलली, तीही टेबलाकडे बघत.

“विसरलास, कंटाळलास, प्यायला होतास, काय असेल ते असू दे. मी तुला शिव्या देणार नाही. पण मला खरं सांग. मी रात्रंदिवस तेच एक शोधते आहे रे.”

“चढलो होतो, नेरीडा.”

तिने डोळे मिटले. ब्रेंटन उठला आणि खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. उद्या सकाळी लिंडसेने बेंडारा सोडायचं, असं त्याने सांगितलं. गुरांच्या कामाला दुसरा माणूस मिळेल. पत्र लिहायचं नाही, नाताळला यायचं नाही. “आई गेली तरी यायचं नाही,” तो म्हणाला, आईच्या देखत. लिंडसेने, कुणी चुलीसाठी लाकडं आणायला सांगावं तशी, मान हलवली.

मर्लचं लक्ष तेव्हा काठीकडे होतं.

काठीचं टोक इतर लाकडापेक्षा फिकं होतं. तेलाचा हात फिरवूनही ते पुरतं काळपटलं नव्हतं. ते तसं का आहे हे तिला माहीत होतं. इतकं नीट माहीत होतं की नऊ दिवस ते आपल्याला सुचलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं. 

पुराच्या दुसऱ्या आठवड्यात कोठीच्या खोलीची खिडकी ओल धरून फुगली होती. आत पिठाला वास यायला लागला. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तिने दाराशेजारची काठी काढली, फटीत खुपसली आणि जोर लावला. खिडकी उघडली, पण काठीच्या टोकाची एक चीप उडाली. तिने क्लेमच्याच चाकूने ते टोक सारखं कापलं, पॉलिश कागदाने घासलं, जवसाचं तेल चोळलं आणि काठी परत खिळ्याला अडकवली. दोन बोटं गेली असतील. खाचा सगळ्या शाबूत होत्या. खालचं ते कोरं लाकूड, त्याचा काय उपयोग, असं तिला वाटलं. तळ कापला की वरच्या सगळ्या खाचा दोन बोटं खाली येतात, आणि अडीच तासांचं पेट्रोल साडेतीन तासांचं दिसायला लागतं, हे शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. तिने कुणाला सांगितलं नाही म्हणून कुणी तिला सांगितलं नाही. आणि सांगितलं का नाही? तर बापाच्या वस्तूला हात लावलेला ब्रेंटनला खपत नसे, आणि त्या दिवशी तिची बोलणी खायची तयारी नव्हती. एवढ्याशा कारणासाठी टॅम्सिन मेली होती.

“ब्रेंटन,” ती म्हणाली, “ती काठी मी कापली आहे.”

तिने सगळं सांगितलं. खिडकी, चीप, चाकू, तेल. सांगताना तिचा आवाज कापला नाही. ती स्वतःच ऐकत होती आणि तिला वाटलं, बाजारची यादी वाचावी तसं आपण सांगतो आहोत. सांगून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवले आणि जे काय येईल त्याची वाट पाहिली. आलं ते भलतंच. ब्रेंटन तिच्याकडे मायेने बघत होता.

“आई,” तो म्हणाला, “वासरांचं फाटकही तूच उघडं टाकलं होतंस ना? चाळीस वासरं गेली तेव्हा.”

“ते वेगळं होतं.”

“बाबांची बंदूक नदीत तूच टाकलीस. ट्रक झाडावर तूच घातलास. तेव्हा तर तुला गाडी चालवताही येत नव्हती.”

“या वेळी खरं आहे.”

“दर वेळी तू हेच म्हणालीस.”

 तेही खरंच होतं. धाकट्याला पाठीशी घालण्यात तिचा जन्म गेला होता. क्लेमला ते कळायचं, ब्रेंटनला कळायचं, आणि थोरल्याच्या मनात त्याचा कढ किती खोलवर साठलाय हे तिला आज त्याच्या त्या मायेच्या आवाजात ऐकू आलं. चाळीस वर्षांची खोटी साक्ष आज तिच्या एका खऱ्या साक्षीच्या आड आली होती.

नेरीडाने मात्र काठी उचलली होती. ती टोकावरून अंगठा फिरवत होती.

“हे टोक नवं दिसतंय,” ती म्हणाली.

“विमान बांधावर आपटलं, नेरीडा. धड काय राहिलंय?”

“आपटून तुटलं तर इतकं गुळगुळीत होतं का?” तिने पहिल्यांदा मर्लकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, अजून नव्हता. बुडणाऱ्याचा हात कशालातरी लागावा तसं काहीतरी होतं. “डावा पंख शेडमध्ये धड पडलाय. टाकी फुटलेली नाही. त्याला सुतारकामाच्या घोड्यावर सरळ ठेवू, एका तासाच्या पेट्रोलचा या टाकीतला अर्धा वाटा मोजून ओतू आणि काठी बुडवू. एक खाच भिजली तर मर्ल खोटं बोलतात. दोन भिजल्या तर—” तिने वाक्य पुरं केलं नाही.

ब्रेंटनला हे पसंत नव्हतं. पण नऊ दिवसांत नेरीडाने काहीतरी करायला उठावं हेच पहिल्यांदा घडत होतं, आणि त्याच्याने नाही म्हणवलं नाही. पंख उचलायला दोघं लागणार होते. काठी टेबलावर ठेवून ती दोघं मागच्या दाराने बाहेर पडली. पाण्याच्या टाकीवरचे पांढरे पोपट कलकलाट करत उडाले आणि पुन्हा येऊन बसले.

स्वयंपाकघरात मर्ल आणि लिंडसे उरले. चुलीवर किटली होती.

“खरं आहे?” त्याने विचारलं.

“हो.”

 त्याचा चेहरा सैल पडत गेला, आणि मर्लला त्याच्यात सात-आठ वर्षांचा लिंडसे दिसला, ताप उतरल्यावर दिसायचा तसा.

“मला वाटायला लागलं होतं, मी चढलोच नसेन,” तो म्हणाला. “सगळे म्हणतात म्हणजे नसेनच. काठी ओली बघितलेली मला आठवते, पण मला वाटलं ते दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशीचं असेल. आता बरं वाटतंय, आई. एवढं कळलं, बस्स झालं.”

“ते दोघं आले की त्यांनाही कळेल.”

“हो. मग?” त्याने काठी उचलली. “मी जाईन कुठंतरी. मला कुठंही काम मिळतं. तू कुठं जाशील? तुझा सकाळचा चहा प्यायल्याशिवाय नेरीडा बिछान्यातून उठत नाही. उद्यापासून तुझ्या हातचा चहा पिईल ती? आणि ब्रेंटन तर माणसाला घरात ठेवून तीळतीळ मारतो. तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे. मला सांगू दे, लिंडसे.”

“उडवत मी होतो. धावपट्टी समोर दिसत होती, आई, आणि मी टॅम्सिनला म्हणालो, पोचलो बघ.” त्याची नजर चुलीकडे गेली. “तपासणीचा तो माणूस जाता जाता मला म्हणाला तेच बरोबर आहे. वर गेल्यावर जबाबदारी उडवणाऱ्याची. तू आजवर माझ्यासाठी किती खोटं बोललीस? एकदा माझी पाळी.”

त्याने चांगल्या हाताने चुलीचं दार उघडलं आणि काठी आत सारली.

मर्ल उठली. चिमटा चुलीशेजारीच लटकत होता. तिने तो हातात घेतलाही. गिजीचं लाकूड चटकन पेटत नाही. निखाऱ्यांवर काठी नुसती पडून होती, वरच्या बाजूला क्लेमच्या खाचा स्वच्छ दिसत होत्या. ओढून काढायला वेळ होता, भरपूर वेळ होता. फार तर हात पोळला असता. तिने शेडच्या बाजूने पिंप घरंगळल्याचा आवाज ऐकला, ब्रेंटन काहीतरी सांगत होता, नेरीडा हो म्हणत होती. काठीच्या कडेला एक बारीक निळी ज्योत धरली. ती कडेकडेने सरकत पहिल्या खाचेपर्यंत गेली. आणि खरं सांगायचं तर मर्लच्या मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखं वाटलं. त्याच गोष्टीची तिला पुढे जन्मभर शिसारी येणार होती. तिने चिमटा परत खिळ्याला अडकवला.

दार उघडून नेरीडा आधी आत आली. हाताला मातीचे आणि तेलाचे डाग, गालावर रंग चढलेला. पंख नीट बसलाय, पेट्रोल ओतून झालंय, असं सांगतच ती टेबलापाशी पोचली आणि थांबली.

“काठी कुठाय?”

“जाळली,” लिंडसे म्हणाला. “काय उपयोग होता? एकच खाच भिजली असती. मी पंखावर चढलो नव्हतो.”

मागून आलेल्या ब्रेंटनने चुलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. त्याला भावाच्या अंगावर धावून जायचं होतं, पण तेवढंही त्राण त्याच्यात उरलेलं दिसेना. तो खुर्चीवर बसला.

“बघितलंस?” तो बायकोला म्हणाला. “पटलं आता?”

नेरीडाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती मर्लसमोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येत होता.

“तुम्ही सांगा, मर्ल. मघाशी खोटं बोललात?”

तिला ‘नाही’ ऐकायचं होतं. ते मर्लला लख्ख दिसत होतं. सासूने मुलगी मारली हेही तिला चाललं असतं. तिचा आधीचा सगळा जन्म त्यात वाहून गेला असता तरी चाललं असतं. फक्त काहीतरी कारण हवं होतं, हाताने धरता येईल असं. टेबलाच्या टोकाकडून लिंडसे आईकडे बघत होता. तो मान हलवत नव्हता, खूण करत नव्हता. नुसता बघत होता.

“हो,” मर्ल म्हणाली.

 नेरीडा दाराशी गेली आणि पाटीवरचं ‘लिंडसे, साडेतीन’ तिने तळव्याने पुसून टाकलं. खडू तिच्या हातावरच्या तेलात कालवला गेला.

“म्हणजे उगाच मेली ती,” ती म्हणाली.

 किटलीला उकळी फुटली होती. मर्लने चार कप मांडले, सवयीने पाचवाही काढला आणि परत ठेवला. तिने चहा ओतला, नेरीडाच्या कपात तिला लागते तशी दोन चमचे साखर घातली आणि कप तिच्या पुढ्यात ठेवला. नेरीडाने तो दोन्ही हातांत घेतला आणि रोजच्यासारखा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.